रुंद पडदा, अरुंद नजर

तीस वर्षांच्या दवाखान्यात मला काय काय विचारले गेले याची वही ठेवली असती, तर ती वैद्यकशास्त्रापेक्षा संसारशास्त्राची झाली असती. गेल्या हिवाळ्यात त्या वहीत एक नवा प्रश्न जमा झाला. भाईंदर पूर्वेतील माझे जुने रुग्ण असलेल्या एका आजोबांचा सतरा वर्षांचा नातू त्यांच्या रक्तदाबाची फाइल घेऊन आला होता. गोळ्या लिहून झाल्या तरी तो उठेना. मग म्हणाला, "डॉक्टर काका, चौतीस इंचाचा अल्ट्रावाइड मॉनिटर घेतोय. गेमिंगसाठी. पण आजोबाही त्याच्यावरच बसणार. त्यांच्या डोळ्यांना चालेल ना?"

बाहेर दहा जण खोळंबले होते. "चालेल. जरा लांब ठेवा," असे सांगून मी पुढचा केसपेपर ओढला.

हा प्रश्न त्याहून अधिक वेळेच्या योग्यतेचा होता. दीड खोलीचे घर. टीव्ही बंद पडलेला. नव्या एका पडद्यावर नातवाचे खेळ आणि क्लास, सुनेचे आठवड्यातून दोन दिवस घरून चालणारे कार्यालय, आणि आजोबांचा सोसायटीचा हिशेब, संध्याकाळचे कीर्तन व नाशिकच्या लेकीशी व्हिडिओ कॉल हे सारे व्हायचे होते. मीरा-भाईंदरमध्ये अशी घरे हजारोंनी आहेत. तेव्हा तरुणांच्या हौसेची ही वस्तू वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना आणि मानेला कशी मानवते, हे आज जरा निवांत पाहू.

प्रथम वस्तू समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या टीव्हीची किंवा मॉनिटरची रुंदी आणि उंची १६ ला ९ या प्रमाणात असते. अल्ट्रावाइडमध्ये ती साधारण २१ ला ९ असते. ही कल्पना तुमच्या-माझ्या पिढीला परकी नाही. १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्या आडव्या, लांबट पडद्याचे प्रमाण जवळपास हेच. २०१२ मध्ये एलजी कंपनीने ते २९ इंची मॉनिटरच्या रूपाने टेबलावर आणले. २०१७ मध्ये सॅमसंगने ४९ इंचांचा, म्हणजे दोन मॉनिटर शेजारी शेजारी जोडावेत तेवढा, पडदा काढला. गाड्यांच्या शर्यती किंवा विमान चालवण्याचे खेळ त्यावर खरोखर देखणे दिसतात. खिडकीच रुंद झाल्यासारखे वाटते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता इंचांचा चकवा पाहा. पडद्याचा इंच हा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. त्यामुळे लांबट पडद्याचा आकडा मोठा आणि उंची बेताची असते. ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहेतीस सेंटिमीटर उंच भरतो. साध्या २७ इंची मॉनिटरची उंचीही तेवढीच, साडेतेहेतीस. म्हणजे आजोबांनी त्यावर कीर्तन किंवा मालिका लावली, की चित्र २७ इंचांएवढेच दिसते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. २९ इंची अल्ट्रावाइडवर तेच चित्र जेमतेम २३ इंचांचे होते. "मोठा पडदा आणला, आता बाबांना स्पष्ट दिसेल" असे म्हणून जी कुटुंबे पैसे मोजतात, त्यांनी हे आधी जाणावे. पडदा आडवा वाढला आहे. अक्षर किंवा चेहरा वाढलेला नाही.

अक्षरांचेही एक गणित आहे. ३४ इंचांमध्ये दोन प्रकार मिळतात. एकात आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके असतात, दुसऱ्या स्वस्त प्रकारात २५६० आणि १०८०. पहिल्यात इंचाला सुमारे ११० ठिपके बसतात, त्यामुळे अक्षर रेखीव पण बारीक दिसते. दुसऱ्यात ८२, त्यामुळे अक्षर मोठे पण कडांना खडबडीत. देवनागरीची वेलांटी, अनुस्वार आणि रफार यांची गल्लत खडबडीत पडद्यावर लवकर होते. म्हणून ज्येष्ठांसाठी मी पहिला प्रकार सुचवतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व काही १२५ किंवा १५० टक्के मोठे करून घ्यायचे, एवढे मात्र विसरू नये. बहुतेक घरांत ते कोणी करत नाही आणि आजोबा नाक पडद्याला लावून वाचत राहतात.

"लांब ठेवा" हा माझा सल्ला कसा फुकट गेला तेही सांगतो. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलाची खोली बहुधा दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर. रुंद मॉनिटरचा पाय पंचवीस-तीस सेंटिमीटर जागा खातो आणि टेबल भिंतीला टेकलेले असते. पडदा आणि चेहरा यांत उरतात चाळीसेक सेंटिमीटर. हातभर अंतरावरून, म्हणजे साठ सेंटिमीटरवरून, २४ इंची साधा पडदा डोळ्यांपुढचा सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. ३४ इंची अल्ट्रावाइड तेवढ्याच अंतरावरून ६७ अंश व्यापतो, आणि चाळीसवर आला की चक्क ९०. मधल्या पंधरा-वीस अंशांपलीकडचे पाहायचे तर नुसते डोळे पुरत नाहीत, मान वळवावी लागते. सतरा वर्षांची मान दिवसाला हजारदा वळली तरी तक्रार करत नाही. एकाहत्तर वर्षांची, मणक्यांत झीज असलेली मान तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येते.

तशीच ती आली. मॉनिटर घरी येऊन पंधरवडा झाला होता. मान दुखते, डोके जड होते, आणि नातू गाडी पळवताना शेजारी बसले की गरगरते, असे आजोबा म्हणाले. गरगरण्याचे कारण सोपे होते. नजरेला वेग जाणवतो, पण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा "आपण खुर्चीवर आहोत" म्हणते. या भांडणात पोट ढवळते. पडदा जितका रुंद, तितके हे अधिक. खेळणाऱ्यापेक्षा शेजारी बसून पाहणाऱ्याला जास्त, कारण वळण कधी येणार हे त्याच्या हातात नसते.

मानेचे कारणही मला लगेच सापडले, आणि लगेच सापडलेल्या कारणांपासून सावध राहावे हे मी विसरलो. आजोबांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. अशा भिंगात वरचा भाग दूरचा, खालचा जवळचा आणि मधली अरुंद वाट संगणकाच्या अंतराची असते. त्या वाटेच्या दोन्ही कडांना प्रतिमा वाकडी, धूसर दिसते. साध्या पडद्यावर ते खपून जाते; ८० सेंटिमीटरच्या पडद्यावर कडेचे वाचायला नाक त्या दिशेला न्यावेच लागते. त्यातच पडदा उंच असेल तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलली जाते. मी पडदा खाली घ्यायला, किंचित मागे कलता ठेवायला, टेबल भिंतीपासून पुढे ओढायला आणि केवळ संगणकासाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा करायला सांगितले. वाचनासाठी चाळीस सेंटिमीटरला अडीच नंबर लागत असेल, तर पासष्ट सेंटिमीटरवरच्या पडद्याला दीडच्या आसपास पुरतो. हा सल्ला आजही मी असाच देईन. पण त्यांच्या आजाराचे मूळ त्यात नव्हते.

तीन आठवड्यांनी ते सुनेबरोबर आले. मान बरी होती. तक्रार निराळीच होती: मॉनिटर खराब आहे. "डावीकडच्या फायली मधूनच गायब होतात. बाबांनी दुकानदाराशी भांडणसुद्धा केलं," सून ओशाळून म्हणाली. दुकानाचा माणूस घरी येऊन पडदा तपासून गेला होता. पडद्यात काही दोष नव्हता. नातवाला सर्व दिसत होते. चष्म्याच्या दुकानात तर आजोबांनी तक्त्यातली शेवटची ओळही वाचून दाखवली होती. मी हसून "वय झालं" म्हणण्याच्या बेतात होतो, हे कबूल करतो. तेवढ्यात सुनेने सहज भर घातली, "हल्ली ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते. आणि दाराची चौकट सारखी डाव्या खांद्याला लागते."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि बाजूने बोट हलवत आत आणले. उजवीकडचे बोट लगेच दिसले. डावीकडचे बोट मध्यरेषेशी येईपर्यंत त्यांच्या लेखी नव्हतेच. दुसरा डोळा झाकला, तरी तेच. एका डोळ्याचा विकार असता तर एकाच डोळ्यात दिसला असता. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू एकाच वेळी जाते, तेव्हा बिघाड डोळ्यात नसतो; मेंदूच्या उजव्या भागात असतो. मग मी जे पहिल्या भेटीत पूर्ण मिनिटभर करायला हवे होते ते केले: नाडीवर बोट ठेवले. ती अनियमित होती, कधी दोन ठोके लगोलग, कधी खंड.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, काही आठवड्यांपूर्वीचा पक्षाघाताचा व्रण निघाला. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा बेताल थरथराट. त्या थरथराटात रक्ताची गुठळी बनते आणि मेंदूकडे जाते. हातपाय लुळे पडले नाहीत, तोंड वाकडे झाले नाही, वाचा गेली नाही, म्हणून घरात कोणाला पक्षाघाताची शंकाही आली नाही. मेंदूच्या या भागात केवळ दृष्टीचे काम चालते. त्यातही नजरेच्या अगदी मध्यावरचे पुष्कळदा शाबूत राहते. म्हणूनच चष्म्याच्या दुकानातला तक्ता त्यांनी बिनचूक वाचला. मोबाइलच्या आणि जुन्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर डोळ्यांच्या जराशा हालचालीने भागत होते. ८० सेंटिमीटर रुंद पडदा आला आणि हरवलेली अर्धी बाजू उघडी पडली. ज्या वस्तूला मी दोष देत होतो, तिनेच निदान करून दाखवले.

मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आजोबांना आता रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे. ती नसती तर दुसरा झटका येण्याचा धोका फार मोठा होता, आणि दुसरा झटका दृष्टीपुरता थांबला असता याची हमी कोणी दिली नसती. स्कूटर मात्र सुटली. यावर ते माझ्यावर अजून रुसून आहेत.

वाचकहो, यातले दोन-तीन धडे घरी वापरण्याजोगे आहेत. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती एकाच बाजूला वारंवार धडकत असेल, ताटाची एक बाजू शिल्लक ठेवत असेल, वाचताना ओळीची सुरुवात चुकवत असेल किंवा "पडद्यावरचे गायब होते" म्हणत असेल, तर चष्म्याच्या दुकानाआधी डॉक्टर गाठा. बोटांची ती तपासणी तुम्हीही करू शकता: समोरासमोर हातभर अंतरावर बसा, त्यांचा एक डोळा झाका, नजर तुमच्या नाकावर, आणि चारही कोपऱ्यांतून बोट हलवत आत आणा, मग दुसरा डोळा. ती बिनचूक नाही, काचबिंदूसारख्या विकारातली सुरुवातीची हानी तिच्यात सुटते, पण एवढी मोठी उणीव सुटत नाही. आणि असे काही अचानक घडले, अर्धे दिसेनासे झाले, बोलणे अडखळले, तोल गेला, एक हात खाली पडू लागला, तर उद्या सकाळची वाट पाहू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णांना पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. वेळ कधीपासून सुरू झाली ते कागदावर लिहून ठेवा. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो.

पुन्हा मॉनिटरकडे येतो, कारण त्या मुलाचा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे.

वक्र पडदा घ्यावा का, हे मला त्यानेच विचारले होते. पेटीवर १८००आर, १५००आर, १०००आर असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे ज्या वर्तुळाचा तो तुकडा आहे त्याची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तितका बाक अधिक. साठ सेंटिमीटरवर बसल्यास सपाट ३४ इंची पडद्याची कड डोळ्यांपासून ७२ सेंटिमीटरवर पडते, १८००आरमध्ये ती ६८ वर येते आणि १०००आरमध्ये ६५ वर. तरुण डोळा हा फरक क्षणात जुळवून घेतो. चाळिशीपुढच्या, एकाच अंतरावर बांधलेल्या चष्म्याच्या डोळ्याला बाक थोडा सोयीचा पडतो, हे खरे. पण बाक मधोमध बसलेल्या एकट्यासाठी असतो. शेजारच्या पलंगावरून पाहणाऱ्या आजींना लेकीचा चेहरा वाकडा दिसतो आणि हिशेबाच्या तक्त्यातल्या सरळ रेघा झुकतात. चौघांनी मिळून व्हिडिओ कॉल करायचा असेल तर सपाट पडदाच बरा.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, नातवासाठी महत्त्वाचा आहे. १४४ किंवा १६५ हर्ट्झने त्याचा खेळ खरोखर सुधारतो. आजोबांच्या हिशेबाला ६० पुरते. त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे तो मॉनिटरचा पाय, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. स्वस्त मॉनिटर केवळ पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. एकाच पडद्यापुढे पावणेसहा फुटी नातू आणि सव्वापाच फुटी आजोबा आळीपाळीने बसणार असतील, तर उंची बदलणारा पाय किंवा टेबलाला कसून बसणारा आर्म हा दोन हजार ठिपक्यांपेक्षा मोलाचा.

पडद्याचे प्रकारही तीन. आयपीएस सर्व बाजूंनी सारखा दिसतो. घरच्या मिश्र वापरासाठी मी त्याच्या बाजूने आहे. व्हीए काळा रंग गडद दाखवतो, पण अंधाऱ्या दृश्यात हालणारी वस्तू किंचित फरफटते. ओएलईडी खेळासाठी अप्रतिम, पण महाग. त्यावर एकच हिशेबाचा तक्ता रोज तासन्‌तास उघडा राहिला तर त्याची पुसट छाप कायमची उमटू शकते, आणि काहींवर बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. कोणताही घ्या, पृष्ठभाग चकचकीत नको. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून ज्येष्ठांना प्रकाश अधिक लागतो. आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर तोच प्रकाश विखुरून डोळे दिपतात. आमच्या भाईंदरला पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी मिठागरांवरची तिरीप आत येते. खिडकी पडद्याच्या समोर नको आणि मागेही नको, बाजूला हवी. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झगमगत असेल तर तेज कमी करा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याबद्दल दर महिन्याला कोणीतरी विचारते. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा ताण कमी होण्याचा लाभ बहुधा नाही असे निघाले. ते पैसे वाचवा. डोळे चुरचुरतात ते पापणी कमी लवते म्हणून. दर वीस मिनिटांनी दूर पाहणे आणि जाणीवपूर्वक डोळे मिटणे हेच औषध आहे. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नये.

तर घ्यावे काय? सर्वांत जास्त वेळ ज्येष्ठ व्यक्ती बसणार असेल, तर २७ इंची, सपाट, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा, उंची बदलणारा साधा मॉनिटर घ्या. तेवढ्याच उंचीचे चित्र, मानेला विश्रांती, आणि किंमतही कमी. हल्ली अशा मॉनिटरवरही १०० हर्ट्झहून अधिक मिळते, त्यामुळे नातूही अगदीच नाराज होत नाही. अल्ट्रावाइड तेव्हाच, जेव्हा टेबल किमान अडीच फूट खोल आहे आणि मुख्य वापर तरुणाचा आहे किंवा दोन फायली शेजारी उघडून काम करणाऱ्या सुनेचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, आता लहानाप्रमाणे त्यावरही १८ टक्के आहे. त्यामुळे मोह वाढला आहे, हे मी जाणतो. ४९ इंचीचे नाव घरात निघाले तर आधी भिंत मोजा. तो १२० सेंटिमीटर रुंद असतो. आमच्याकडच्या कित्येक खोल्यांत तो बसवला तर कपाटाचे दार उघडायचे नाही.

आजोबांच्या घरी मॉनिटर तोच राहिला. टेबल पुढे ओढले, पडदा आर्मवर चढवला. सुनेने पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावली आहे; ओळ वाचून संपली की लाल रेघ दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची, मग पुढची ओळ. दृष्टीची डावी बाजू गेलेल्या रुग्णांना असा काठ फार उपयोगी पडतो. हिशेबाचा तक्ता ते पडद्याच्या मधल्या भागात, मोठ्या अक्षरात उघडतात. पट्टी आपल्या खेळाच्या आड येते अशी नातवाची तक्रार होती, ती त्याने मागे घेतल्याचे ऐकतो. पुढल्या आठवड्यात ते संगणकाच्या चष्म्याचा नंबर काढायला जाणार आहेत. डोळे ते पडदा हे अंतर घरी शिलाईच्या टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून न्या, असे मी बजावले आहे, आणि तुम्हीही चष्मा करायला जाताना तेच करा.